अकराचे ऊन

बँकेच्या नोकरीत मी माणसांपेक्षा म्हशींचे फोटो जास्त पाहिले, असे म्हटले की घरचे हसतात. पण त्यात अतिशयोक्ती फार थोडी आहे. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली वऱ्हाडात गावोगाव दुभत्या जनावरांसाठी कर्जे वाटली गेली. कर्ज मंजूर झाले, बाजारातून म्हैस आली, विमा उतरला, कानात बिल्ला ठोकला, की शेवटचे काम फोटोचे. मधोमध म्हैस, तिचा दोर धरून कर्जदार आणि कडेला शाखेचा अधिकारी, म्हणजे मी. तालुक्याहून सायकलवर फोटोग्राफर यायचा, तोही भर दुपारी. आणि दर वेळी एकच घोटाळा व्हायचा. कर्जदाराचे पांढरे धोतर आणि टोपी नीट आली, तर म्हशीच्या जागी नुसता काळा ढिगारा. म्हैस नीट यावी म्हणून त्याने जरा जास्त उजेड आत घेतला, तर तिचे डोळे, शिंगे, कानातला बिल्लासुद्धा दिसे. पण कर्जदार पांढऱ्या ढगात विरघळून जाई. एका प्रकरणावर वरून शेरा आला : ‘जनावराची ओळख पटत नाही.’ मी उत्तर पाठवले : ‘जनावराची ओळख पटेल असा दुसरा फोटो सोबत जोडला आहे. त्यात कर्जदाराची पटत नाही. तरी कृपया दोन्ही फोटो एकत्र पाहावेत.’

ते उत्तर मी विनोद म्हणून लिहिले नव्हते; दुसरा इलाजच नव्हता. पण ‘दोन्ही एकत्र पाहावेत’ या वाक्यात छायाचित्रणाचे एक सबंध शास्त्र दडलेले आहे, हे मला कळायला चाळीस वर्षे लागली. आणि कळले तेही म्हशीमुळे नाही, मायच्या सयपाकघरामुळे.

आमचे गाव चांदूर रेल्वे. याच अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे, म्हणून आमच्या गावाच्या नावाला रेल्वे चिकटली. बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना मालखेड सोडले की आमचे स्टेशन येते. गावात आमचे कवेलूचे जुने घर होते. होते असेच म्हणायचे. भाऊ पुण्याला, मी अमरावतीला, आणि मायचे खुब्याचे हाड मोडल्यापासून तीही माझ्याकडेच. वय अठ्ठ्याऐंशी. घराचे छप्पर दोन पावसाळ्यांत बसायला लागले होते. शेवटी यंदा फाल्गुनात सौदा झाला. घेणारा भला माणूस. म्हणाला, अक्षय तृतीयेपर्यंत हात लावत नाही, तुमचे सामान सावकाश न्या.

मायने कागदावर अंगठ्याऐवजी सही केली (सही तिला मीच शिकवली होती, बँकेत लागल्यावर) आणि मग म्हणाली, “पाय गा, घर पाडाच्या आंधी एक फोटो काढून आन. चुलीपाशी मी बसो ना, तथून जसं दिसे तसा.”

एवढेच. मला वाटले, हे काय काम आहे? दुसऱ्याच दिवशी चांदूरला गेलो, चुलीपाशी तिच्या जागेवर मांडी घालून बसलो आणि मोबाइलने फोटो काढला. फोटोत दार होते आणि दाराबाहेर अंगण, तुळशीवृंदावन, कडुनिंब, सारे झकास. बाकी सगळे काळे. घडवंची नाही, फळीवरचे डबे नाहीत, भिंतीतली देवळी नाही. मग बोटाने पडद्यावर अंधारात टिचकी मारली. सयपाकघर उजळले आणि दाराच्या चौकटीत नुसता पांढरा कागद लावल्यासारखा झाला. चाळीस वर्षांपूर्वीची म्हैस आणि धोतर माझ्यापुढे पुन्हा उभे राहिले.

वास्तविक मी तिथे बसलो होतो तेव्हा मला दोन्ही दिसत होते. ही डोळ्याची किमया. डोळा अंगणाकडे वळला की बाहुली बारीक होते, चुलीकडे वळला की मोठी होते. शिवाय मागचा पडदाही आपली नजर कमी-जास्त तीव्र करून घेतो. आणि मेंदू या तुकड्यांची गोधडी इतकी बेमालूम शिवतो की आपल्याला शिवण दिसत नाही. कॅमेऱ्याला एकदाच डोळा उघडायची मुभा. तेवढ्यात जे मिळेल ते मिळेल.

गावात स्टेशनच्या रस्त्याला एका तरुणाचा स्टुडिओ आहे. त्याच्या वडिलांनी माझ्या काही म्हशी टिपल्या होत्या, त्यामुळे ओळख जुनी. हा मुलगा लग्नाचे अल्बम करतो, आणि गुढीपाडव्याला सावंगा विठोबाच्या यात्रेत हटकून असतो. आमच्या तालुक्यातल्या या यात्रेत अवधूत महाराजांपुढे कापूर जळतो, तो पाहिलेल्यालाच ठाऊक. ज्वाळा पांढऱ्याफेक, धूर काळाकुट्ट, आणि मध्ये माणसांचे चेहरे. अशा ठिकाणी हात तयार झालेला माणूस माझे दुखणे लगेच ओळखणार, हे उघड होते. मोबाइलमधला फोटो पाहून तो म्हणाला, “काकाजी, तुमी म्हनता तसं होते, पन एका फोटोत नाही होत. सात काढा लागतीन.”

सात कशाला, ते त्याने मला हिशेबाने समजावले, आणि हिशेबाची भाषा म्हटल्यावर मला ते पटकन उमगले. फोटोवाल्यांचे माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. आपल्या भाषेत दामदुप्पट. भर उन्हात अंगणातल्या जमिनीवर लाखभर लक्स उजेड पडतो, आणि आमच्या चुलीमागच्या कोपऱ्यात जेमतेम दहा-बारा. एका रुपयाची तेरा वेळा दामदुप्पट केली की ८,१९२ होतात. म्हणजे अंगण आणि कोपरा यांच्यात तेरा दामदुपटींचे अंतर. आजचा चांगला कॅमेरा एवढे अंतर एका फोटोत पकडतो म्हणतात, पण अंधाराच्या टोकाला हाती लागतात ते नुसते रवाळ ठिपके. आणि खरी अडचण तर पुढेच आहे. फोटो छापायचा तो कागद. कागदाचा सर्वांत पांढरा भाग आणि शाईचा सर्वांत काळा भाग यांच्यात शंभर-दीडशे पटींहून फारसा फरक नसतो. आठ हजारांचा प्रपंच शंभराच्या पगारात बसवायचा. मध्यमवर्गीय वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

ही अडचण फोटोच्या जन्माइतकी जुनी आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हाच्या काचेला निळा रंग फार लवकर लागे. लाटा येईपर्यंत आकाश जळून जाई. त्याने लाटांची काच वेगळी घेतली, आकाशाची वेगळी, आणि क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडून एकाच कागदावर छापल्या. बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. पुढे अणुस्फोटांचे फोटो काढण्यासाठी अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी एकाच फिल्मवर कमी-जास्त तीव्रतेचे तीन थर चढवले, कारण तो उजेड कुठल्याच एका फिल्मच्या आवाक्यातला नव्हता. आणि १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक या दोघांनी कमी-जास्त उजेडाच्या अनेक फोटोंवरून त्या जागी प्रत्यक्षात किती उजेड होता, हे संगणकाने काढायची रीत मांडली. मलिक हे कानपूरच्या आयआयटीतून १९८० साली पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले. मी बँकेची परीक्षा देत होतो तेव्हा हा माणूस, म्हणजे, कुठल्या वाटेला लागला होता पाहा. २००५ साली ही सोय फोटोशॉपमध्ये आली, २०१० साली आयफोनमध्ये, आणि आज आपल्या खिशातला फोन न विचारता दोन-चार फोटो एकत्र करून आपल्यापुढे एक ठेवतो. एचडीआर म्हणतात ते हेच.

पण मला राहून राहून आठवला तो अजिंठा. दुष्काळाच्या आदल्या वर्षी, १९७१ साली, आमच्या शाळेची सहल गेली होती. चांदूरहून भुसावळ, मग जळगाव, मग एसटी. लेण्यात शिरलो तर डोळ्यांपुढे काळोख, आणि पाठीमागे दारातून येणारे ऊन असे की वळून बघवेना. तेवढ्यात चौकीदाराने बाहेर उन्हात एक आरसा धरला आणि उन्हाचा कवडसा आत धरलेल्या पांढऱ्या कापडावर सोडला. कापड उजळले आणि भिंतीवरचा कमळ धरलेला बोधिसत्त्व हळूहळू वर आला. आमचे गुरुजी, चाळीस पोरांना दिवसभर ओरडणारे, गप्प झाले.

त्या भिंती फोटोत उतरवायला किती जणांनी जिवाचे रान केले! १८४४ साली मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला अजिंठ्याला आला तो इथलाच झाला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याने रंगवलेल्या बऱ्याचशा नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६च्या आगीत जळाल्या. मधल्या काळात त्याने कॅमेरा धरला होता. अजिंठ्याचेच नव्हे, आमच्या लोणारच्या देवळांचेही फोटो त्याने काढले. नंतर हैदराबाद संस्थानच्या काळात गुलाम याझदानींनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठ्याचा ग्रंथ काढला. आणि १९९१च्या सुमारास बिनॉय बहल यांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी प्रखर दिवे लावलेच नाहीत. लेण्यात जो मंद उजेड होता, त्यातच कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून चित्रे टिपली. ते फोटो पाहिले की अंधार हटवलेला वाटत नाही. आपणच अंधारात थोडा वेळ उभे राहिलो आणि मग दिसायला लागले, असे वाटते. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता. तो माझ्या लक्षात आणून दिला मायने.

तर आमचे सात फोटो. सकाळी अकराला आम्ही घरी पोचलो. घेणाऱ्या गृहस्थांची मोटरसायकल अंगणात उभी होती, ते स्वतः मागच्या बाजूला माप घेत होते. मायच्या जागेवर, बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर, पोराने ट्रायपॉड लावला. ही उंची त्याने मला बसवून मोजली, ते मला आवडले. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढला असता तर तो मायचा फोटो झालाच नसता. मग भिंगाचे तोंड एकाच मापावर बांधून टाकले, कारण ते बदलले तर जवळचे-लांबचे स्पष्ट दिसण्याचे गणित बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत. बदलायचा तो फक्त वेळ. पहिला फोटो सेकंदाच्या चारशेव्या भागाचा : त्यात अंगण नेमके, बाकी शाई. मग शंभरावा, पंचविसावा, सहावा भाग, मग अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त, मग अडीच सेकंद, आणि शेवटचा पूर्ण दहा सेकंदांचा. प्रत्येक वेळी चौपट. दहा सेकंदांच्या फोटोत दार म्हणजे पांढरा भगभगाट, पण चुलीमागची काजळी, भिंतीचा पोपडा, खुंटीला राहिलेली चाळणी, सगळे हजर. बटणालाही हात लावायचा नाही, घड्याळासारखी सोय लावून द्यायची. नाही तर कॅमेरा केसभर हलतो आणि सात घरे एकमेकांवर रेलतात.

देवळीत मी दिवा लावून ठेवला होता. तो मात्र सातही फोटोंत वेगवेगळ्या ठिकाणी होता. ज्योत हलते. पोरगा म्हणाला, दिवा एकाच फोटोतला घेऊ, बाकीच्यांतून काढू. सावंग्याला तो सात फोटो काढतच नाही. “कापराले थांब म्हनता येत नाही, काकाजी.”

संध्याकाळी त्याच्या स्टुडिओत संगणकापुढे बसलो. त्याने सात फोटो निवडले, एक बटण दाबले, चहा येईपर्यंत यंत्राने ते एक केले. पडद्यावर सयपाकघर आले आणि मी खुर्चीवरून उठलोच. सगळे दिसत होते! डब्यांवरची नावे, भिंतीवरच्या हळदीकुंकवाच्या बोटांचे ठसे, बाहेर कडुनिंबाचे पान न् पान. मी तिथेच मोठा कागद छापून घेतला आणि रात्रीच्या गाडीने अमरावतीला आलो.

मायने सकाळी चष्मा पुसून फोटो पाहिला. बराच वेळ. मग विचारले, “हे कोनाचं सयपाकघर होय?”

“आपलंच, माय.”

“आपल्या घरी इतका उजीड दिवाळीलेबी नव्हता.”

मी पुन्हा फोटो पाहिला आणि तिचे म्हणणे डोळ्यांत भरले. चुलीमागचा कोपरा अंगणाइतकाच उजळ होता. काजळी काळी नव्हती, राखाडी होती. दाराच्या चौकटीभोवती एक पांढुरकी कड होती, देवाच्या तसबिरीतल्या प्रभावळीसारखी. जणू काही छपराला चार ट्यूबलाइट टांगून काढलेला फोटो. सगळे दिसत होते हे खरे, पण काहीच आधी दिसत नव्हते आणि काहीच नंतर.

हे स्टुडिओत सांगितले तेव्हा पोरगा ओशाळला, पण त्याचेही खरे होते. “लग्नाच्या अल्बमात अंधार कोनी मांगत नाही. पैसे उजेडाचे भेटते.” मग त्याने ते बटण बाजूला ठेवले आणि हाताने करायला घेतले. पुढचे तीन तास मी जे पाहिले ते मला कादंबरीच्या तिसऱ्या खर्ड्यासारखे वाटले.

यंत्र काय करते? त्याच्याजवळ दोन रस्ते असतात. एक म्हणजे सातही फोटोंतून प्रत्येक ठिपक्याचा खरा उजेड काढायचा, एका मोठ्या खतावणीत मांडायचा आणि मग ती खतावणी कागदाच्या ऐपतीत दाबायची. हे दाबताना जवळपासच्या काळ्या-पांढऱ्याची तुलना करून यंत्र ठरवते, आणि अतिलोभ केला की चौकटीभोवती ती प्रभावळ उगवते. दुसरा रस्ता २००७ साली टॉम मर्टेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवला. खऱ्या उजेडाच्या भानगडीतच पडायचे नाही. प्रत्येक ठिपक्यासाठी सात फोटोंना विचारायचे, तुमच्यापैकी कोणाकडे हा ठिपका जास्त रेखीव आहे, जास्त रंगदार आहे, फार काळा किंवा फार पांढरा नाही? ज्याचे उत्तर चांगले त्याला जास्त वजन द्यायचे आणि भारित सरासरी काढायची. आमच्या फोटोला हा रस्ता बराच मानवला. पण सरासरी ती सरासरी. बँकेत आम्ही म्हणायचो, सरासरी ठेवी चांगल्या दिसतात त्या शाखेत एक खाते मोठे असते आणि बाकीची उपाशी असतात.

हाताची रीत साधी, पण कष्टाची. सात फोटो एकावर एक पत्त्यांसारखे रचायचे. प्रत्येकावर एक पडदा, त्याला हे लोक मास्क म्हणतात. पडद्यावर पांढरे फासले की तिथला फोटो दिसतो, काळे फासले की झाकतो, राखाडी फासले की अर्धामुर्धा. फासायचा कुंचला मऊ, आणि त्याचा जोर शंभरात दहा-पंधराच. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा फिरवायचा, सारवल्यासारखा. चौकटीसारख्या कडक कडेला कुंचला चालत नाही. तिथे फोटोच्या स्वतःच्या उजेडापासूनच पडदा बनवतात, म्हणजे जिथे उजेड तिथे पडदा आपोआप पांढरा, आणि कड जिथल्या तिथे राहते. मला आठवले, याचे वडीलही अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली हाताची सावली धरून म्हशीचे तोंड उजळ करायचे. अमेरिकेचे अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, ज्यांच्या डोंगरांच्या फोटोंचे जगभर कौतुक, तेही छापताना कागदाचा काही भाग झाकत, काही जास्त वेळ उघडा ठेवत. खोटेपणा म्हणायचा तर तो जुना आहे.

आम्ही दोघांनी मिळून तीन-चार गोष्टी ठरवल्या. जे जास्त उजळ होते ते फोटोतही जास्त उजळच राहील. अंतर कमी करू, क्रम उलटा करायचा नाही. दार हे खोलीतले सर्वांत उजळ ठिकाण, तुळशीवरचे ऊन त्याहून उजळ. बाहेर किंचित जळाले तर जळू द्यायचे. कोपरा काळाच ठेवायचा, फक्त त्यात काही तरी आहे एवढा संशय यावा. आणि रंग. यंत्राने सगळीकडचा पिवळेपणा धुऊन काढला होता. आमच्या सयपाकघरात आभाळाचा उजेड थेट येतच नव्हता. अंगणातल्या मातीवरून उसळून यायचा, त्यामुळे खोलीला एक तांबूस झाक असे. ती परत आणली तेव्हा माझ्या नाकाला, खोटे वाटेल, ओल्या पोतेऱ्याचा वास आला.

एकच गोष्ट राहिली होती : ती मोटरसायकल. तुळशीच्या अगदी शेजारी, आरशासह चकाकणारी. पोराने यावर आधीच तोड काढून ठेवली होती. गृहस्थ गेल्यावर, दीडच्या सुमारास, ट्रायपॉड न हलवता त्याने अंगणाचा आणखी एक फोटो काढला होता. अंगण मोकळे, आभाळ निळे. तो फोटो त्याने दाराच्या चौकटीत असा बसवला की मला सुईच्या अग्राएवढीही शिवण दिसली नाही. चाळीस वर्षे सह्या पडताळलेला माणूस मी. मी म्हटले, आता झाले.

मायने दुसरा फोटो हातात घेतला तेव्हा पहिल्याने हसली. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “अथी सांडशी हाय. दिसत नाही, पन हाय.” मग तिचे बोट घडवंचीच्या पायाशी गेले. आमच्या छपरात एक काचेचे कवेलू होते. त्यातून उन्हाची एक चकती खाली पडायची आणि दिवसभर जमिनीवरून सरकायची. तिथून बोट दारातून अंगणात गेले, तुळशीपाशी थांबले, परत घडवंचीशी आले. दोन-तीन वेळा.

“काय झालं, माय?”

“ऊन घडवंचीपाशी हाय म्हन्जे अकरा वाजले. तवा तुळशीची सावली दाराकडं येते. हे तर कुपाकडं गेली. म्हन्जे एक वाजून गेला.” मग माझ्याकडे पाहून, “घरात अकरा अन् अंगनात दीड? असं कसं होईन गा?”

मला बोलायला सुचेना. सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला होता, सावली वृंदावनाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेली होती, आणि स्टुडिओत तीन तास बसून आम्हा दोघांपैकी एकालाही ते दिसले नव्हते. तिला दिसले, कारण तिच्या घरात घड्याळ फार उशिरा आले. ती चकती घडवंचीशी आली की ती आम्हाला ताट वाढायची, आम्ही शाळेला पळायचो. चुलीच्या बैलाला टेकली की वडिलांची शिदोरी शेतात निघायची. एवढे वर्षे ज्या खतावणीवर तिने घर चालवले तिच्यात मी अडीच तासांचा खाडाखोड केलेला आकडा नेऊन बसवला होता. बँकेत आकडा खोडला तर बाजूला आद्याक्षरी करावी लागते. इथे तर आम्ही खोडल्याची खूणही ठेवली नव्हती.

सात फोटो एकत्र करणे मला तोवर खटकत होते, ते खटकणे इथे संपले. अकरा वाजता अर्ध्या मिनिटात काढलेले सात फोटो म्हणजे एकाच पाहण्याचे सात तुकडे होते. आठवा फोटो निराळ्या वेळेचा होता, एवढेच.

पुन्हा चांदूर. पोराने ऐकून घेतले, मग पडद्यावर सावली पाहिली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दीडचे अंगण काढून अकराचे परत लावले. मोटरसायकल परत आली. “पुसून टाकू काय? आता पुसता येते, दोन मिनिटांचं काम,” तो म्हणाला. खरेच येते. आजकालचे सॉफ्टवेअर गाडीच्या जागी माती आणि पाने स्वतःच रचून देते, पूर्वी तिथे नव्हतीच अशी. मी म्हटले, हे मी ठरवत नाही, तिला विचारतो. त्याने तिसरी प्रत छापली, बारा बाय अठराची, चकचकीत नसलेल्या कागदावर. चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड उसळतो आणि काळा कोपरा पुसला जातो, हे त्याने न विचारता सांगितले. पैसे फक्त कागदाचे घेतले.

मायने तिसरा फोटो मांडीवर ठेवला. पहिल्यांदा चकती पाहिली, मग तुळशीची सावली. मान हलवली. मग बोट मोटरसायकलवर.

“हे कोनाची गाडी?”

“ज्यानं घर घेतलं त्याची. ते पुसता येते, माय. पुसून आनू काय?”

तिने थोडा विचार केला. “कायले? राहू दे. त्याचंच हाय ना आता.”

फोटो तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावला आहे. घर अक्षय तृतीयेनंतर आठ दिवसांत पडले. मी गेलो नाही. कवेलू घेणाऱ्याने विकले, पण काचेचे तेवढे एक त्याने कागदात गुंडाळून स्टुडिओत माझ्यासाठी ठेवले होते. ते मी आणले. माय विचारत होती, तुमच्या सिमेंटच्या छताला हे कुठं लावता येते काय. मिस्त्रीला बोलावले आहे.